२५ सप्टेंबर १९६२ : सनी लिस्टन जगज्जेता

शिकागोच्या कोमिस्की पार्कवर याच दिवशी सनी लिस्टनने फ्लॉइड पॅटरसनला पहिल्याच फेरीत, अवघ्या २ मिनिटे ६ सेकंदांत आडवे केले आणि मुष्टियुद्धातले हेवीवेटचे जगज्जेतेपद पटकावले. आर्कान्सातल्या कुळाने शेती करणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा. घरात पोरांचे लेंढार, जन्मतारखेची खात्रीलायक नोंद नाही, बापाच्या मारहाणीचे वळ पाठीवर कायमचे उमटलेले. शाळा जवळजवळ नाहीच. सेंट लुईसमध्ये लूटमारीबद्दल १९५० साली तुरुंगात गेला आणि तिथल्या पाद्र्याने त्याच्या हातात ग्लोव्हज चढवले.

पुढे गुन्हेगारी टोळ्यांनी त्याच्यावर ताबा मिळवला. याच संबंधांमुळे न्यूयॉर्कने त्याला परवाना नाकारला, म्हणून पॅटरसनशी ही लढत शिकागोत झाली. विजयानंतर तो फिलाडेल्फियाला, आपल्या तेव्हाच्या राहत्या शहरी परतला. विमानात बसून त्याने स्वागतासाठी जमणाऱ्या लोकांपुढे काय बोलायचे याची तयारी केली होती. विमानतळावर पत्रकार आणि कर्मचारी सोडले तर कोणीच नव्हते. जगज्जेत्याला त्याच्याच शहराने असे वागवावे, हे आजही जिव्हारी लागते.

१९६४ मध्ये मायामीत कॅशियस क्ले, म्हणजे नंतरचे मुहम्मद अली, यांच्याविरुद्ध सातव्या फेरीसाठी तो स्टुलावरून उठलाच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अलींशीच लढताना त्यांच्या एका ठोशाने पहिल्याच फेरीत कोसळला. त्या ठोशाबद्दलचा संशय अजून फिटलेला नाही. ५ जानेवारी १९७१ रोजी लास व्हेगासच्या घरात पत्नी जेराल्डिनला तो मृतावस्थेत आढळला.