कावा : डावाच्या आधीचा घोडा

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि एका शब्दाभोवती फिरणारा : कावा.

'गनिमी कावा' आपण शाळेपासून ऐकतोय. पण कावा म्हणजे फक्त डाव नाही. घोडेस्वारीच्या जुन्या भाषेत घोड्याला गोल फेऱ्यात फिरवणं म्हणजे कावा. हिंदीत 'कावा देना' म्हणतात ते हेच. आजच्या रायडिंग क्लबमध्ये याला लंजिंग म्हणतात. शिक्षक मधोमध उभा, हातात साधारण ८ मीटरची दोरी, घोडा त्याच्याभोवती फिरतोय. वर बसलेल्या नवशिक्याच्या हातात लगाम नाही, पाय रिकिबीत नाहीत.

असं का? तर घोडा सांभाळायचं काम शिक्षकाचं. स्वाराने फक्त बसायला शिकायचं. गोल फेऱ्यात शरीर बाहेरच्या बाजूला ओढलं जातं, धरायला काही नसतं. मग हात पसरून, खांदे सैल सोडून तोल शोधावा लागतो. हळूहळू कंबर घोड्याच्या चालीबरोबर हलू लागते. मराठीत याला नेमका शब्द आहे : मांड. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचा पहिला उल्लेख १५७२ सालचा. तिथे आजही नवे विद्यार्थी आधी दोरीवरच बसतात, लगाम आणि रिकिबीशिवाय.

आता येऊया खालापूर तालुक्यात. स्वराज्याचे सरनोबत नेताजी पालकर इथल्या चौक गावचे. शिवरायांच्या घोडदळात २५ स्वारांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमलेदारांवर एक हजारी. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदाराचा स्वतःचा असायचा. मांड मात्र दोघांनाही कमवावीच लागे. कारण एका हातात भाला किंवा तलवार. तोल सांभाळायला लगाम ओढला, की घोड्याच्या तोंडात कडी रुतते, तो थांबतो नाहीतर उधळतो. लढाईत एवढं झालं की स्वार संपला.

याच तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान घाट उतरून कोकणात येत होता. महाराजांनी त्याला या अरुंद, दाट जंगलात गाठलं. घोडा वळवायलाच जागा नाही, मग कितीही पक्की मांड असली तरी उपयोग काय? खानाला शरण यावं लागलं. घोड्याला फिरायला किती जागा लागते हे ओळखणं, हाही त्या डावाचाच भाग होता.

शेजारच्या कर्जत तालुक्यात माथेरान. तिथे मोटारींना बंदी, म्हणून घोडे अजून रोज चालतात. पुढच्या वेळी तिथे घोड्यावर बसलात तर एवढं करा : लगामाला लोंबकळू नका. भीती वाटली तर खोगिराचा पुढचा भाग धरा, पाठ ताठ ठेवा, कंबर सैल सोडा, टाचा खाली. घोड्याचं तोंड दुखणार नाही, आणि तुमचा तोलही लवकर सापडेल.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!