बार्शी लाइट रेल्वे, पॅराशूट आणि संवेगाचे गणित

१/ आज कवठे महांकाळहून ब्रॉडगेज गाड्या धावतात. याच पट्ट्यातून १९२७पासून मिरज-पंढरपूर अशी एक चिमुकली गाडी जात असे. ती बार्शी लाइट रेल्वे. दोन रुळांतले अंतर अवघे २ फूट ६ इंच. तिच्या संथ चालीची थट्टा करणे सोपे आहे. पण त्या चालीमागे एक हिशेब होता, आणि तो समजण्यासाठी भौतिकशास्त्रातली एक संकल्पना पुरते : संवेग.

२/ संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. न्यूटनने १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त यालाच ‘गतीचे परिमाण’ म्हटले. चालणारा माणूस आणि भरलेली बैलगाडी एकाच वेगाने येत असले, तरी माणसाला हाताने थोपवता येते, गाडीला नाही. वेग सारखा, संवेग वेगळा.

३/ बार्शी ही मोठी बाजारपेठ. मात्र मुख्य लोहमार्ग तिला टाळून कुर्डुवाडीवरून गेला होता. १८९७ मध्ये इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने हे अंतर छोट्या रेल्वेने जोडले. मार्ग स्वस्तात व्हायचा तर रूळ हलके हवेत, आणि हलके रूळ टिकायचे तर त्यांवर बसणारा घावही हलका हवा.

४/ म्हणून त्याचा नियम असा : इंजिन असो वा वाघीण, एका आसावर ५ टनांहून अधिक भार नाही. त्यामुळे यार्डाला अवघ्या ३० पौंड वजनाचे रूळ पुरले.

५/ रुळांच्या सांध्यावर चाक किंचित खाली जाते व लगेच वर उचलले जाते. त्याचा खालच्या दिशेचा संवेग क्षणार्धात बदलतो. बदल जितका मोठा आणि वेळ जितका थोडा, तितका तडाखा जबर. भार आणि वेग आवरले की तडाखाही आवरतो.

६/ आकड्यांत पाहू. चार आसांची, २० टनांची भरलेली वाघीण ताशी २४ किलोमीटरने जात आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.७ मीटर. तिचा संवेग सुमारे १,३४,००० किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. ती एका मिनिटात थांबवायला जे सरासरी बल लागेल, त्याच्या ६० पट बल एका सेकंदात थांबवायला लागेल. वेग दुप्पट केला, तर हे दोन्ही आकडे दुप्पट.

७/ आता कथा आकाशात जाते. जुलै १९१० मध्ये कॅलथ्रॉपचा मित्र, रोल्स-रॉईसमधला चार्ल्स रोल्स, विमान अपघातात मृत्युमुखी पडला. त्यानंतर कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला. त्याच्या पॅराशूटचे नाव ‘गार्डियन एंजल’.

८/ प्रश्न पुन्हा संवेगाचाच. पडणाऱ्या देहाचा संवेग जमीन क्षणात शून्यावर आणते, आणि तो क्षणच मारक ठरतो. पॅराशूट तोच संवेग हवेच्या रोधाने आधीच, काही सेकंदांत, उतरवते. जमिनीसाठी थोडासाच उरतो.

९/ पहिल्या महायुद्धात या पॅराशूटने शत्रूच्या मुलखात हेर उतरवले गेले. पण ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत पॅराशूट सरसकट मिळाले नाही. जळत्या विमानातून सुटण्याचा मार्ग उपलब्ध असूनही अनेक तरुण त्यांतच मेले.

१०/ कॅलथ्रॉप मार्च १९२७ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याची छोटी रेल्वे मिरजेला पोहोचली.