चार जुलै, दहा किलोमीटर

अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन चार जुलैला असतो. त्या सुट्टीच्या सकाळी अटलांटा शहरातला पीचट्री नावाचा मुख्य रस्ता गाड्यांसाठी बंद होतो आणि सुमारे पन्नास हजार माणसं त्यावर पळायला उतरतात. अंतर फक्त दहा किलोमीटर. ही 'पीचट्री रोड रेस', दहा किलोमीटरच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतींपैकी एक. मी इथे नोकरीसाठी आलो आणि तीनदा ती पळालो. पण तिचा इतिहास वाचेपर्यंत मला एक प्रश्न सुटत नव्हता: वर्षातल्या सगळ्यात दमट दिवसांत पळायची हौस या शहराला लागली कुठून?

सुरुवात अगदी साधी आहे. टिम सिंगलटन हे जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीत डीन होते आणि पळण्याचे कोचही. १९६९च्या चार जुलैला ते काही मित्रांबरोबर फोर्ट बेनिंगच्या लष्करी तळावर एका शर्यतीसाठी गेले. परत येताना गाडीत विषय निघाला की अशी शर्यत आपल्याच शहरात का नको? पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९७० रोजी, एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमधून ११० जण पळाले. जेफ गॅलोवे पहिला आला. बायकांमध्ये गेल बॅरन जिंकली. तेव्हा बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बायकांना अधिकृत प्रवेशही नव्हता, तो १९७२ साली मिळाला. १९७८ साली याच बॅरनने बॉस्टन जिंकली.

दुसऱ्या वर्षापासून टीशर्ट आला आणि खरी गंमत सुरू झाली. हा टीशर्ट शर्यत पूर्ण केल्यावरच हातात पडतो. आई-बाबा उन्हाळ्यात माझ्याकडे आले होते, तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "अरे, एवढ्या उकाड्यात पळायचं एका टीशर्टसाठी? दुकानात नाही का मिळत?" मी म्हटलं, "नाही मिळत बाबा, तीच तर गोम आहे." संध्याकाळी मी त्यांना बाजारात घेऊन गेलो. तोच शर्ट घातलेला भाजीवाला दिसला, बँकेतल्या बाई दिसल्या, सत्तरीचे एक आजोबा दिसले. बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे हे सगळे पोचले तर!"

पोचणं सोपं नसतं. निम्मं अंतर झालं की 'कार्डियाक हिल' नावाचा चढ येतो, आणि गंमत म्हणजे तो एका मोठ्या हॉस्पिटलसमोर आहे. चढाच्या माथ्यावर शेफर्ड सेंटर आहे. मणक्याच्या आणि मेंदूच्या दुखापतींवर तिथे उपचार होतात. तिथले पेशंट व्हीलचेअरवर बसून रस्त्याच्या कडेला येतात आणि पळणाऱ्यांना ओरडून धीर देतात. १९८२पासून व्हीलचेअरची वेगळी शर्यतही याच रस्त्यावर होते. वाटेतल्या कॅथीड्रलबाहेर पाद्री येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. त्या उकाड्यात श्रद्धा असो-नसो, सगळे त्या बाजूने पळतात.

आता मुद्द्यावर येतो. दहा किलोमीटर म्हणजे किरकोळ, असं आपण समजतो. उन्हात हिशेब उलटा होतो. पळताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा बहुतेक भाग उष्णता होऊन शरीरात साठतो. मॅरेथॉनमध्ये अंतरच माणसाला आवर घालतं. कमी अंतरात मात्र आपण जवळजवळ पूर्ण जोरात पळतो, त्यामुळे तहान लागायच्या आतच अंग तापून जातं. त्यात घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. दमट हवेत तो वाळतच नाही, ठिबकत राहतो.

१९७८च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फालमथला हे सगळ्यांना दिसलं. तिथली शर्यत जेमतेम सव्वा अकरा किलोमीटरची. वीस वर्षांचा अल्बर्टो सालाझार शेवटी कोसळला. त्याच्या शरीराचं तापमान ४२ अंशांच्या वर गेलं होतं. पाद्रीने अखेरची प्रार्थनाही म्हटली. त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवलं आणि तो वाचला. पुढे त्याने न्यूयॉर्क मॅरेथॉन सलग तीनदा जिंकली. फालमथमध्ये नंतर शेवटच्या रेषेजवळ बर्फाच्या पाण्याचे टब ठेवायला लागले. १८ वर्षांच्या नोंदींत उष्माघाताच्या २७४ केसेस सापडतात. त्यातलं एकही माणूस दगावलं नाही, कारण हॉस्पिटल गाठण्याआधी त्यांना जागेवरच थंड केलं गेलं.

दुसरा धडा लष्कराकडून आला. प्रशिक्षणात जवान उष्माघाताने कोसळू लागले, तेव्हा १९५०च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी एक वेगळं मोजमाप तयार झालं. त्यात नुसतं सावलीतलं तापमान नसतं, दमटपणा, ऊन आणि वारा सगळं धरलं जातं. सर्वांत जास्त वजन दमटपणाला. आज रस्त्यावरच्या शर्यतींत दिसणारे हिरवे, पिवळे, लाल आणि काळे झेंडे त्याच विचारातून आले. काळा झेंडा म्हणजे थांबा.

तिसरा धडा मला सगळ्यात आवडतो. पहिली पीचट्री जिंकलेला गॅलोवे १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळाला. नंतर हाच माणूस जगाला सांगत सुटला की मध्ये मध्ये चाला. थोडं पळा, थोडं चाला, पुन्हा पळा. त्याच्या या पद्धतीने कितीतरी साध्या माणसांना रस्त्यावर आणलं. ११० जणांची शर्यत पन्नास हजारांची झाली ती वेगवान लोकांमुळे नव्हे. उकाड्यात चालणं म्हणजे हार नव्हे, हे शहराने मान्य केलं म्हणून ती वाढली.

आपल्याकडेही आता उन्हाळ्यात पाच-दहा किलोमीटरच्या शर्यती होतात. एक मेच्या सुट्टीला सकाळी आठलाच ऊन कसं चटके देतं, ते वेगळं सांगायला नको. मुंबई, कोकण किंवा गोव्यात पळणार असाल तर दमटपणा अटलांटासारखाच छळेल. तेव्हा बिब घेताना टीशर्टचा रंग जरूर बघा, पण आयोजकांना दोन प्रश्नही विचारा: शर्यत किती वाजता सुटणार आणि बर्फाचा टब कुठे ठेवलाय? उत्तर मिळालं नाही तर त्या दिवशी घरीच थांबा. आणि गेलातच, तर पहिला किलोमीटर मुद्दाम हळू पळा.