आधी पाणी मोजा

आज जाऊया अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉकला. १ जानेवारी २००९. एका घराच्या बोअरवेलवरचं काँक्रीटचं झाकण स्फोटाने उडालं. पाण्यात मिथेन साठला होता, आणि परिसरात शेल गॅससाठी ड्रिलिंग सुरू होतं.

२०११ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या भागातल्या ६८ घरगुती बोअरवेलचा अभ्यास छापला. गॅसच्या विहिरींजवळ मिथेन बराच जास्त होता. पण दूरच्या पाण्यातही थोडा सापडलाच. टीकाकार म्हणाले, 'हा तर आधीपासूनच असेल!' ते खोडायचं कसं? ड्रिलिंगआधीच्या पाण्याची जाहीर नोंद फारशी नव्हतीच.

ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने मात्र शेल गॅस निघण्याआधीच भूजलातला मिथेन मोजायला घेतला. मला हेच पटतं. आधीचे आकडे हातात नसतील, तर पाणी बिघडल्यावर गावकऱ्याने दाद कशाच्या जोरावर मागायची?