पार्टी

पार्टी (स्त्री.; अनेकवचन पार्ट्या) : इंग्रजीतून मराठीत आलेला, आता खेड्यापाड्यांतही कुणाला परका न वाटणारा शब्द. लॅटिनमधला ‘पार्स’, म्हणजे वाटा किंवा भाग, हे त्याचे मूळ. त्यावरून वाटणे या अर्थाचे क्रियापद झाले. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘पार्तिर’ झाले आणि त्याच्या ‘पार्ती’ या रूपातून 1300च्या सुमारास शब्द इंग्रजीत शिरला. तिथे तो आधी भाग, मग भांडणातली किंवा खटल्यातली एक बाजू, राजकीय गट, कामगिरीवर निघालेली तुकडी. मौजेसाठी जमलेली मंडळी हा आज सर्वांत ओळखीचा अर्थ अठराव्या शतकातला, म्हणजे बऱ्याच उशिराचा. पार्ट, पार्टनर, पार्टिशन आणि पार्सल ही त्याची भावंडे.

मराठी मुलखात या शब्दाला आलेला सर्वांत भारदस्त अर्थ सोलापूर जिल्ह्यात ऐकावा. संगीत बारीच्या परंपरेत लावणी गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया आणि त्यांचे पेटी, तबला, ढोलकीवाले मिळून एक ‘पार्टी’ होते. गण, गवळण, बतावणी, वग करत गावोगाव फिरणारा तमाशा तो ढोलकीफड. संगीत पार्टी मात्र कलाकेंद्रात मुक्काम करते आणि पाळीपाळीने रंगमंचावर येते. ती पाळी म्हणजेच बारी. मोडनिंबच्या कलाकेंद्रांत अशा पार्ट्या एकमेकींच्या शेजारी राहत आल्या आहेत. पार्टी बहुधा बहिणी, मावश्या, भाच्या यांची. कारभार पाहणारी ती पार्टीमालकीण. बैठकीची कमाई कलावंत, साजिंदे आणि कलाकेंद्र यांच्यात वाटली जाते, तेव्हा वाट्याचा जुना अर्थ नकळत पुन्हा जागा होतो. बाईच्या नावाने ओळखला जाणारा, बाईने चालवलेला व्यवसाय मराठी समाजात इतका जुना क्वचितच सापडेल. म्हणून या अर्थाला इथे जास्त जागा दिली आहे.

नीरेकाठच्या अकलूजमध्ये 1990च्या दशकात सुरू झालेल्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेने या पार्ट्यांना कलाकेंद्राबाहेरचे मोठे व्यासपीठ दिले. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या स्पर्धेत अदा, गायन आणि पारंपरिक बाज यांची पारख होई. ज्या कलेकडे गावाने चोरून पाहिले, तिचा सन्मान उघड मांडवात झाला, हे या स्पर्धेचे मोठे श्रेय.

राजकारणात ‘पक्ष’ हा संस्कृत शब्द लिहिण्याचा, ‘पार्टी’ बोलण्याचा. पंख आणि बाजू असे दोन्ही अर्थ असलेला ‘पक्ष’ अर्थाने तिच्या जवळचाच. डाव्या चळवळीत नाव न जोडता नुसते ‘पार्टी’ म्हटले की कम्युनिस्ट पक्ष समजायचा. सोलापूर जिल्ह्यातल्याच सांगोल्यातून गणपतराव देशमुख 11 वेळा आमदार झाले तो शेतकरी कामगार पक्ष मात्र लोकांच्या तोंडी ‘शेकाप’ किंवा ‘लाल बावटा’. गावकीत पार्टी म्हणजे पक्षाच्या आतलाही गट, त्यावरून ‘पार्टीबाजी’. ग्रामपंचायत आणि कारखान्याच्या निवडणुकीत याच गटाचे ‘पॅनेल’ होते.

व्यवहारात एकटा माणूसही पार्टी असतो. वकील अशिलाला, जमिनीचा एजंट गिऱ्हाइकाला, अकलूजच्या घोडेबाजारातला दलाल घेणाऱ्याला पार्टी म्हणतो. ‘पार्टी तगडी आहे’ म्हणजे पैसेवाली. ‘पार्टी फिरली’ म्हणजे सौदा मोडला. सोयरिकीत ‘मुलीकडची पार्टी’. ऊस तोडणाऱ्या मजुरांच्या गटाला मात्र पार्टी म्हणत नाहीत. ती टोळीच, आणि तिचा मुकादम.

जेवणाचा अर्थ शहरातून आला. थंडीत ज्वारी हुरड्यावर आली की आगटी पेटवून गूळभेंडीची कोवळी कणसे भाजायची आणि चटणी, गूळ, दह्याबरोबर हुरडा खायला पाहुण्यांना बोलवायचे, ही रीत सोलापूरकडे जुनीच. ‘हुरडा पार्टी’ हे नाव नवे. ते रूढ झाल्यावर शेतावरच्या हुरड्याला तिकीट लागले. दारू असली तर ‘ओली पार्टी’, नसली तर ‘सुकी’. नोकरी लागली, ट्रॅक्टर घेतला, की मित्र ‘पार्टी दे’ म्हणतात. इथे पार्टी करायची नसते, द्यायची असते.