तिकिटाचा धनी कोण?

आमच्या नगर जिल्ह्यात गावची यात्रा कुस्त्यांच्या हगाम्यावाचून पुरी झाली असे सहसा कोणी मानीत नाही. हगाम्यास तिकीट नसते. जो आधी येईल त्याची जागा. तथापि या जागेचाही एक अलिखित कायदा आहे. ज्याने उपरणे अंथरून जागा धरली, ती त्याची. आणि तो उठून जाताना शेजाऱ्यास अथवा भावास ‘तू बैस’ म्हणाला, तर त्या क्षणापासून ती त्याची. यास आजवर कोणी हरकत घेतल्याचे आम्हांस आठवत नाही.

नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेच्या काठी असलेल्या कोल्हार गावचे आमचे एक वृद्ध स्नेही याच कायद्यात वाढले. मध्यंतरी ते विलायतेस आपल्या मुलाकडे गेले होते. मुलाने तेथील एका फुटबॉल क्लबाचे साऱ्या हंगामाचे तिकीट घेतले होते. एका सामन्याच्या दिवशी त्यास अचानक कामावर जावे लागले, तेव्हा आपल्या जागी वडिलांनी जावे असे त्याने ठरविले. परंतु तिकीट मोबाइलमध्ये. त्यावर नाव मुलाचे. आणि क्लबाचा नियम असा की, तिकीट दुसऱ्यास द्यावयाचे झाल्यास ते क्लबाच्या सभासदासच द्यावे, व तेही ठराविक मुदतीच्या आत. वडील सभासद नव्हते आणि मुदतही टळली होती. त्या दिवशी मैदानावर ती खुर्ची रिकामी राहिली आणि आमच्या स्नेह्यांनी सामना घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहिला. परत आल्यावर त्यांनी आम्हांस विचारले, “प्रोफेसरसाहेब, पैसे मोजून घेतलेली जागा बापाला देता येत नाही, तर मग पोराने विकत घेतले तरी काय?”

प्रश्न साध्या माणसाचा खरा. पण त्याचे उत्तर देताना विलायतेतील न्यायाधीशांचीही एकवाक्यता झालेली नाही. म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१८४३ साली डॉन्कास्टर येथील घोड्यांच्या शर्यतींस वुड नावाचा एक गृहस्थ रीतसर तिकीट काढून गेला. शर्यतीच्या चालकांनी त्यास बाहेर जाण्यास सांगितले. तो जाईना, तेव्हा लेडबिटर नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने त्यास बाहेर काढले. वुडने फिर्याद केली. १८४५ साली निकाल झाला तो असा की, तिकीट म्हणजे जागेवरील मालकी नव्हे, केवळ आत येण्याची परवानगी. आणि दिलेली परवानगी मालकास केव्हाही काढून घेता येते. हा निकाल पुढे सुमारे सत्तर वर्षे प्रेक्षकाच्या मानगुटीवर बसला होता. १९१४ साली हर्स्ट नावाच्या एका सिनेमाप्रेक्षकास तिकीट असूनही बाहेर काढल्याचा खटला अपील कोर्टापुढे आला, तेव्हा बहुमताने असे ठरले की, ज्याने मोल दिले आहे व जो नीट वागत आहे, त्यास खेळ संपेपर्यंत बसू दिलेच पाहिजे. म्हणजे प्रेक्षकास स्वतःच्या बुडाखालची खुर्ची टिकविण्याचा हक्क मिळाला. ती दुसऱ्यास देण्याचा हक्क मात्र अद्याप बाजूसच राहिला.

आश्चर्याची गोष्ट ही की, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाच्या कायद्याने त्यापूर्वीच देऊन ठेवले होते. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा, जो १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला, त्याचे ५६ वे कलम वाचकांनी अवश्य पाहावे. परवानगी ही सामान्यतः ज्यास दिली त्याच्यापुरतीच असते, ती दुसऱ्यास देता येत नाही, असा तेथे नियम आहे; परंतु त्यास एक ठळक अपवाद केला आहे. सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी हजर राहण्याची परवानगी, विरुद्ध हेतू स्पष्टपणे अथवा अपरिहार्यपणे दिसत नसेल तर, धारकास दुसऱ्याच्या हवाली करता येते. याच कायद्याच्या ६४ व्या कलमात असेही आहे की, मोबदला देऊन मिळविलेली परवानगी धारकाचा दोष नसता मध्येच हिरावून घेतली, तर तो नुकसानभरपाई मागू शकतो.

या भेदाचे मर्म उघड आहे. शेजाऱ्यास आपल्या शेतातून जाऊ देणारा माणूस त्या शेजाऱ्याचा चेहरा पाहून जाऊ देतो. त्याच्याऐवजी दुसराच कोणी बांधावर उभा राहिला तर तो हरकत घेणारच. नाटकगृहाच्या खिडकीवर बसलेला मनुष्य मात्र चेहरा पाहात नाही, नाणे पाहतो. ज्यास कोण आला याची पर्वा नाही, त्याने कोण बसला याचीही पर्वा करू नये. हाच न्याय आमच्या हगाम्यातील उपरण्याचा आहे.

पण ‘विरुद्ध हेतू दिसत नसेल तर’ ही जी खिडकी कायद्याने उघडी ठेवली, तिच्यातूनच पुढे सारा वारा आत शिरला. कारण जागांची वाटणी ज्याच्या हाती, त्याच्या हाती केवढी सत्ता असते हे लवकरच दिसून आले. मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ च्या डिसेंबरात खुले झाले. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. त्याच हंगामात मुंबईची प्रसिद्ध जातवार क्रिकेट स्पर्धा, जी तेव्हा चौरंगीची पंचरंगी झाली होती, या नव्या मैदानावर आली. हिंदू जिमखान्यास आपल्या वाट्याच्या जागा अपुऱ्या वाटल्या, वाद मिटेना, आणि हिंदूंचा संघ त्या वर्षी मैदानात उतरलाच नाही. बसण्याच्या जागांवरून खेळणारेच निघून गेले.

पुढे स्पर्धा बंद पडली, स्वातंत्र्य आले, पण वाद राहिला. याच मैदानावर १९४८ पासून १९७३ पर्यंत कसोटी सामने होत असत. सामने भरविण्याची जबाबदारी मुंबई क्रिकेट असोसिएशनची, मैदान मात्र क्लबाचे. असोसिएशनला आपल्या संलग्न संस्थांसाठी अधिक जागा हव्या होत्या. क्लबास आपल्या सभासदांचा वाटा सोडवत नव्हता. एका बाजूस शेषराव वानखेडे, दुसऱ्या बाजूस विजय मर्चंट, असे दोन कर्ते पुरुष समोरासमोर उभे राहिले. अखेर असोसिएशनने ब्रेबोर्नपासून थोड्याच अंतरावर स्वतःचे मैदान उभारले, आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी वानखेडे स्टेडियमवर झाली. तिकिटांच्या वाटणीवरून एका शहराने दुसरे मैदान बांधले!

या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट आम्हांस फार बोचते. भांडण झाले ते जागा कोणी वाटाव्या याविषयी. जिमखाना, क्लब, असोसिएशन या सर्वांची बाजू मांडली गेली. ज्याने रांगेत उभे राहून तिकीट काढले, त्याच्या वतीने बोलावयास कोणी नव्हते. त्याचा आवाज ऐकू येतो तो केवळ दंगलीच्या दिवशी. १९६७ च्या १ जानेवारीस कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर जागांपेक्षा अधिक लोक आत आले, लाठ्या चालल्या, मांडव पेटले, आणि त्या दिवसाचा खेळ बंद राहिला. त्यांपैकी कित्येकांच्या खिशात तिकीट होते. बसावयास जागा तेवढी नव्हती.

आता क्लबांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. फुटबॉलच्या मैदानावर चेहऱ्याची पर्वा नसते, असे म्हणता येत नाही. तेथे दोन पक्षांचे चाहते वेगळे बसविले नाहीत तर हातघाईवर येतात. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन ९७ माणसांचा बळी गेला. तेथे दोष चाहत्यांचा नव्हता, पोलिसांच्या ढिलाईचा होता, हे पुढील चौकशांत सिद्ध झाले. तथापि त्यानंतर इंग्लंडात मोठ्या क्लबांची मैदाने सर्वस्वी खुर्च्यांची झाली आणि कोण कोठे बसतो यास महत्त्व आले. काळ्या बाजारातील तिकिटामुळे एका पक्षाचा चाहता दुसऱ्याच्या गोटात जाऊन बसतो, या भीतीने १९९४ च्या कायद्याने फुटबॉलच्या तिकिटांची अनधिकृत विक्री हा गुन्हा ठरविला. आपल्याकडेही सिनेमागृहाबाहेर ‘ब्लॅक’ने तिकिटे विकणारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस अशा बंदीची गरज समजावून सांगावयास नको.

परंतु येथेच विचाराची गफलत होते. तो इंग्रजी कायदा झाला तो विक्रीविरुद्ध. मुलाने बापास फुकट दिलेल्या तिकिटाविरुद्ध तो मुळात नव्हता. सभासदत्वाची व मुदतीची अट क्लबाची स्वतःची. नफेखोराच्या भीतीने केलेला नियम स्नेह्यावर येऊन आदळतो, आणि नफेखोर तर दहा नावांनी दहा सभासदत्वे घेऊन मोकळा होतो. शिवाय त्या रिकाम्या खुर्चीचे मोल क्लबास आधीच मिळालेले असते. तिच्या रिकामेपणाची झळ लागते ती चाहत्यास, आणि खेळणाऱ्यास, ज्याच्या कानी एक टाळी कमी पडते.

आमच्या मते मार्ग अवघड नाही. कोण येणार त्याचे नाव क्लबाने अवश्य मागावे; सुरक्षिततेस ते पुरे आहे. छापील किमतीहून एक पैसाही अधिक घेण्यास मनाई करावी. काळ्या बाजारास ते पुरे आहे. ज्यास येता येत नाही त्याचे तिकीट क्लबाने मूळ किमतीस परत घ्यावे, अथवा सामना सुरू होईपर्यंत ते दुसऱ्याच्या नावे करू द्यावे. याहून अधिक जो नियम, तो सुरक्षिततेसाठी नसून धनीपणासाठी आहे, असे आम्ही समजतो. १८८२ च्या कायद्याने देणे हा नियम आणि मनाई हा अपवाद ठेवला होता. आज प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत मनाई छापून अपवादालाच नियम करण्यात आले आहे. कायदा न मोडता कायद्याचा हेतू मोडण्याची ही रीत आहे.

हे सारे आम्ही आमच्या स्नेह्यांस सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, “म्हणजे पोराने जागा घेतली नव्हती, फक्त स्वतः बसायची मुभा घेतली होती.” आम्ही होय म्हणालो. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “मग आमचे उपरणेच बरे. त्याला निदान दोन टोके असतात. एक मी धरले तर दुसरे कोणाच्या तरी हाती देता येते.”