देवळीतला कप आणि इराण्याचा चहा

माझी आजी 1918 च्या सुमारास परभणीहून लग्न होऊन हैदराबादला शालीबंड्यात आली, तेव्हा आमच्या घरात चहा नव्हता. सकाळी दूध, पाहुण्याला गूळपाणी, सर्दीपडशाला सुंठ-गुळाचा काढा. चहाची पुडी असे, पण औषधांच्या फडताळात, ओव्याच्या आणि हिंगाच्या शेजारी. ताप आला की चमचाभर पत्ती टाकायची, घाम निघाला की झालं. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "आमच्यावेळी चहा पीत नव्हते, घेत होते."

हे सांगायचं कारण असं की हल्ली दिवाळीला चहाच्या डब्या भेट द्यायची टूम निघाली आहे. आमच्याकडे या वर्षी तीन आल्या. सगळ्यांवर सोनेरी अक्षरांत "पारंपरिक". गवती चहा, तुळस-आलं, केशर-वेलची, गुलाब, आणि एक चक्क "इराणी". आठवडाभर रोज एक करून प्यायले. तुळस-आलं ठीक होतं. केशर-वेलचीत वेलचीचा अर्क होता, केशर नावापुरतं. गुलाबाचा घोट घेतल्यावर अत्तराच्या दुकानात जीभ बाहेर काढून उभं राहिल्यासारखं वाटलं. गवती चहाच्या पिशवीला वाळलेल्या गवताचा वास, पातीचा नाही. आणि इराणीबद्दल पुढे सांगतेच. पण डोक्यात बसला तो "पारंपरिक" हा शब्द. कुणाची परंपरा आणि किती वर्षांची? आमच्या घरापुरता हिशेब मांडायला गेले तर तो शंभर वर्षांच्याही आतला निघतो.

चहा आपल्याकडे आपोआप आला नाही, तो शिकवला गेला. 1903 साली सरकारनं चहावर कर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. स्टेशनांवर, कारखान्यांत टपऱ्या लागल्या, पुढे शहरांतून माणसं दारोदार जाऊन चहा करून दाखवू लागली. पत्र्याच्या रंगीत पाट्या लागल्या, त्यांवर पाणी किती, पत्ती किती, झाकून किती वेळ ठेवायचं, सगळं चित्रांसकट. पैशाची छोटी पुडी निघाली ती गरिबालाही परवडावी म्हणून. आजीच्या आठवणीत आमच्या घरी रोजचा चहा तिसाव्या दशकात सुरू झाला. आजोबा दफ्तरात कारकून, तिथे उर्दूतला कारभार आणि दुपारचा चहा या दोन्हींची सवय एकदमच लागली. साखरेचं म्हणाल तर 1937 साली निजामाबाद जिल्ह्यात बोधनला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. त्याआधी आमच्याकडे चहात गूळच. गुळाचा चहा आता पुन्हा फॅशनमध्ये आला आहे. त्याची खोच एकच, दूध उकळत्या चहात घालायचं नाही, भांडं खाली उतरवून गरम दूध वरून घालायचं. नाहीतर नासतं. आजी हे डोळे मिटून करायची, आणि तरी साखर आल्यावर तिनं गूळ सोडला तो कायमचाच. कोणी आठवण काढली तर म्हणायची, "गरिबीचं कौतुक तुम्ही करा."

आणि हा आपला आलं घालून खळखळ उकळलेला चहा? तो तर आणखी अलीकडचा. आजी सुरुवातीला पानाची पत्ती वापरायची. आधण आलं की पत्ती टाकून झाकण, चार मिनिटं, मग फडक्यातून गाळणं, अगदी त्या पाट्यांवरच्या चित्रासारखं. दाणेदार पत्तीचं यंत्र आसामात 1930 साली निघालं, पण घरोघरी तो दाणा पोचला स्वातंत्र्यानंतर. स्वस्त, कडक, थोडक्यात रंग देणारा. तो उकळावा लागतो आणि त्याला दूध-साखर पेलते. प्रचारवाल्या साहेबांना मात्र दूध जास्त, पत्ती कमी आणि वर मसाला, हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांचं कोणी ऐकलं नाही, बरं झालं.

गवती चहा मात्र आमचा अंगणातला. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं दांडगं बेट होतं, पाती हाताला कापायची. ती खुडायची नाही, विळीनं कापायची, गाठ मारायची आणि गाठच आधणात टाकायची म्हणजे गाळताना त्रास नाही. वास लिंबाच्या सालीसारखा, पण आंबटपणा नाही, मागून एक हिरवा गोडवा. आमची आत्या लग्न होऊन बडोद्याला गेली, तिथे याला लीली चा म्हणतात आणि सोबत पुदिनाही टाकतात. पहिल्यांदा मी तो प्यायले तेव्हा चटणीची आठवण झाली. आता मात्र उन्हाळ्यात तोच करते.

तर हा घरातला चहा. बाहेर, वाड्यापासून शंभर पावलांवर, इराण्याचं हॉटेल. तिथे घरातले पुरुष सगळे जात आणि कोणी गेलो म्हणत नसे. जुन्या सोवळ्याच्या घरात दुसऱ्याच्या हातचा चहा हे साधं प्रकरण नव्हतं. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे अशी मोठी मंडळी व्याख्यानाला गेली, पुढे चहा-बिस्किटं आली, आणि गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली. प्रकरण थेट शंकराचार्यांकडे गेलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं. एका कपाची एवढी किंमत. आमच्या हैदराबादेत इतका गाजावाजा झाला नाही, कारण इथे रोज मुसलमान अधिकाऱ्याखाली काम करायचं होतं. इथे त्याची सोय भिंतीत केलेली होती.

आमच्या ओसरीच्या भिंतीत एक देवळी होती. त्यात निळ्या काठाचा एक चिनीमातीचा कप आणि बशी. तो मुन्शीसाहेबांचा कप. आजोबांना दफ्तरी उर्दू त्यांनी शिकवली, आणि ती शिकवणी संपल्यावरही ते दर रविवारी येत राहिले. मी लहान असताना, म्हणजे साठच्या दशकात, त्यांच्या कपात चहा ओतायचं काम माझ्याकडे होतं. वरून ओतायचा, गाळणं कपाला लागू द्यायचं नाही. प्यायल्यावर ते स्वतः उठून नळावर कप विसळत आणि देवळीत पालथा ठेवत. त्यांना आजीचा गवती चहा फार आवडे. "भाभी, वो घास की चाय पिलाओ," म्हणायचे. आजी आतून, "शक्कर ज्यादा नक्को ना?" आजीची दख्खनी परभणीची आणि त्यांची शालीबंड्याची. दख्खनीतला नक्को आपल्या नकोतूनच गेलेला आहे, त्यामुळे दोघांचं भागायचं.

आता जे लिहिते ते आजीनंच सांगितलेलं. 1948 च्या सप्टेंबरात भारतीय फौज आली, पाच दिवसांत संस्थान पडलं. रझाकारांच्या वर्षभराच्या भीतीतून आमचे लोक सुटले आणि मग भीती दुसऱ्या बाजूला गेली. मराठवाड्याच्या खेड्यांत, उस्मानाबादकडे (आताचं धाराशिव), मुसलमानांवर जे गुदरलं ते आपल्या घरांत फारसं बोलत नाहीत. मुन्शीसाहेबांच्या मेव्हण्याचं कुटुंब तिकडून निघून शहरात आलं. त्यांचं घर पुरेना म्हणून सात माणसं आमच्या मागच्या खोलीत दहा दिवस राहिली. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली, आजोबांनी दाद दिली नाही. आजी दोन वेळा त्यांना चहा करून देई. आणि त्या सात जणांसाठी तिनं जर्मनचे सात पेले वेगळे काढले होते.

आजी हे सांगताना थांबायची नाही, आवाज बदलायचा नाही. घरात ठेवणं आणि पेले वेगळे ठेवणं, तिच्या लेखी दोन्ही रीतीनं वागणंच होतं. मला हे अजून पचत नाही. पण फक्त पहिली गोष्ट सांगून दुसरी गाळणं, जे आमच्या घरच्या समारंभांत सर्रास होतं, ते तर मुळीच पटत नाही.

इराण्याचा चहा मी पहिल्यांदा प्यायले 1976 मध्ये, कोठीच्या महिला महाविद्यालयात असताना. मैत्रिणींबरोबर, "फॅमिली"च्या केबिनमध्ये, मळकट हिरव्या पडद्यामागे. घरापासून शंभर पावलांवर जो चहा रोज उकळत होता तो प्यायला मला अठरा वर्षं लागली. चव सांगायची तर आधी दूध लागतं, आटवलेलं, जवळजवळ बासुंदीच्या वाटेवरचं. मग साखर. आणि हे दोन्ही गिळल्यावर, अगदी शेवटी, घशाशी पत्तीचा तुरटपणा उभा राहतो. कारण तो आपल्यासारखा एकत्र उकळत नाहीत. पत्ती-पाणी एका तोंड बंद केलेल्या भांड्यात दम देऊन बराच वेळ ठेवतात, दूध वेगळं आटत असतं, आणि दोघांची गाठ कपातच पडते. साखरेत चमचा उभा राहील असा हवा असेल तर "खडे चम्मच की". एक कप दोघांत हवा तर "एक में दो". बरोबर उस्मानिया बिस्किट, शेवटच्या निजामाच्या नावाचं, थोडं गोड थोडं खारट. ते बुडवायचं, पण तीन मोजायच्या आत बाहेर काढायचं.

डबीतल्या "इराणी" पिशवीचं आता सांगते. गरम पाण्यात बुडवायची पिशवी आणि वर दुधाची पावडर. दम नाही, आटणं नाही. ते इराणी नाही एवढंच म्हणू शकते.

तसा इराणी चहाही इराणी नाहीच. उस्मानिया विद्यापीठात एके काळी पुष्कळ इराणी मुलं शिकायला असत. त्यातल्या एकाला माझ्या भावानं मोठ्या अभिमानानं अबिड्सला नेऊन हा चहा पाजला. त्यानं दोन घोट घेतले आणि नम्रपणे विचारलं, हे कुठलं पेय? त्यांच्याकडे चहा कोरा, लहान काचेच्या पेल्यात, आणि साखरेचा खडा दातांत धरून प्यायचा. दूध घातलं ते इथे आल्यावर. यझ्दकडून मुंबई-पुण्यामार्गे आलेल्या माणसांनी इथल्या गिऱ्हाइकाची जीभ ओळखली. गंमत म्हणजे इराणातली चहाची लागवडही आपल्याकडूनच गेली. त्यांचा भारतातला वकील काशिफ-उस-सल्तनत यानं 1900 च्या सुमारास कांगड्याची रोपं नेऊन लाहिजानला लावली. आता त्याच्या कबरीपाशीच चहाचं संग्रहालय आहे.

आजीनं तो चहा आयुष्यात एकदाच घेतला. साल 1977, ती आजारी, तोंडाला चव नाही. बाबांनी थर्मास भरून आणला. आजीनं सांगितलं, "त्या कपात दे." म्हणजे देवळीतल्या. मुन्शीसाहेब जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, कप तसाच पालथा होता. तिनं अर्धा प्यायला आणि म्हणाली, "चहा नव्हे हा, पक्वान्न आहे." आमच्या घरात अजून यावर वाद होतो. काका म्हणत, तिनं त्यांची आठवण म्हणून तो कप मागितला. माझं मत वेगळं आहे. बाहेरचा चहा बाहेरच्या कपात, एवढंच तिच्या मनात असणार.

वाडा 1990 च्या सुमारास पाडला, देवळी गेली, गवती चहाचं बेट गेलं. त्यातलं एक मूळ मी कुंडीत आणलं होतं, ते कसंबसं टिकलं. मागच्या वर्षी मुन्शीसाहेबांच्या नातीच्या मुलीचं लग्न होतं टोलीचौकीला. जेवणानंतर सुलेमानी आली, कोरा चहा, लिंबू पिळलेलं, रंग तांब्यासारखा. तोंडातलं सगळं तूप धुऊन काढते. सुलेमानीची रीत बारकसच्या अरबांची, त्यांचे पूर्वज निजामाच्या फौजेत होते. मी दोन पेले घेतले. नातीनं विचारलं, तुमच्याकडे ती घास की चाय असायची ना, दादा सांगायचे. पावसाळ्यात तिला मूळ नेऊन दिलं. सांगून आले, पाणी भरपूर, ऊन कडक, आणि पहिलं वर्षभर कापू नको.